परतीचा श्वास

"फुंका, फुंका, फुंका! अजून, अजून, अजून! थांबू नका आई, अजून आहे, अजून आहे!"

प्यो नावाचा तो तपासणीवाला एवढा घसा फाडून ओरडत होता, की बाहेर बाकावर बसलेल्यांना वाटावं, आत बाळंतपण चाललंय. आत ओकरिम खुर्चीत ताठ बसली होती. नाकाला चिमटा, तोंडात दम मोजायच्या यंत्राची पुठ्ठ्याची नळी. तिने छाती भरून श्वास घेतला, जोरात फुंकला, आणि प्योचं 'अजून अजून' चालू असतानाच शांतपणे थांबली. नळी तोंडातून काढून म्हणाली, "झालं."

"झालं कसं? ही पडद्यावरची रेघ बघा, मध्येच तुटलीय. आणखी थोडं तरी..."

"संपला हो श्वास. संपल्यावर काय घरून आणू?"

प्यो होता मुख्य भूमीवरचा, चेजू बेटावरच्या या इस्पितळात नव्यानेच आलेला. त्याने पुन्हा एकदा फुंकून घेतलं, मग आणखी एकदा. रेघ दर वेळी त्याच जागी येऊन तुटली. फुंकत होती ती आणि घाम फुटला होता त्याला.

ओकरिमला या फुंकणीचा मनापासून राग होता. असायलाच हवा. चेजू बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर तिच्या तोडीची पाणबुडी बाई नव्हती. पंधराव्या वर्षापासून समुद्रात. पाठीवर टाकी नाही, नळी नाही, छातीत मावेल तेवढ्या श्वासावर खाली जायचं, खडकाच्या कपारीतला अबालोन शिंपला लोखंडी पट्टीने उचकटायचा आणि वर यायचं. इतर बायका जिथून माघारी फिरत, तिथून हिचा तळ सुरू व्हायचा. अशा बाईला एका पुठ्ठ्याच्या नळीने सांगावं की बाई गं, तुझा श्वास कमी पडतो?

झालं होतं असं. गेल्या वर्षीच्या थंडीत गावात तो विषाणू फिरला. कुणी शिंकलं, कुणी दोन दिवस तापाने पडलं आणि उठून संत्री तोडायला गेलं. ओकरिमच्या मात्र थेट छातीत जाऊन बसला. शहरातल्या इस्पितळात नेलं, प्राणवायूचा मुखवटा चढवला, आणि पुढचे कितीतरी दिवस ती आहे की नाही हे घरच्यांना फोनवरून कळायचं. मग विषाणू गेला. पण पाहुणा गेला आणि त्याचा भाऊ मुक्कामाला राहिला, तसं झालं. फुप्फुसात सूज राहिली. घरी आली तेव्हा न्हाणीघरापर्यंत जाताना दोनदा भिंत धरावी लागायची, आणि बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडावं लागायचं. जन्मात कुणापुढे वाक्य अर्धं न सोडलेली बाई ती! नवरा तेसू घाबरून सगळी वाक्यं आपणच पुरी करायला लागला, आणि सगळी चुकीची.

सूज उतरायच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी तोंड भाकरीसारखं फुगलं, झोप उडाली, भूक मात्र अशी लागायची की तेसू म्हणायचा, "बायको इस्पितळात दिली आणि बकासूर घरी आणला." हळूहळू गोळ्या कमी झाल्या. तोंड जाग्यावर आलं. वर्षभरात ती संत्र्याच्या बागेच्या टोकापर्यंत चालत जाऊन परत यायला लागली, तेही शेजारणीशी भांडत.

त्यामुळे फुंकणीनंतर डॉक्टर नामबाईंच्या खोलीत गेली तेव्हा ती तशी खुशीत होती. नामबाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी छातीचा फोटो उजेडावर धरला.

"हे बघा, धुकं विरलंय. कडेला थोडे ओरखडे राहिलेत, ते राहणारच. चालण्याची तपासणीही छान झाली. बोटावरचा प्राणवायूचा आकडा पडला नाही." मग त्यांनी फुंकणीचा कागद उचलला आणि त्यांचा चेहरा उतरला. "फक्त हे. हे काही हलत नाही बघा. दोन साक्षीदार एक सांगतात आणि तिसरा भलतंच."

"तिसरा खोटा असेल."

"असेलही. पण मला तसं धरून चालता येत नाही. पुढच्या महिन्यात शेवटचं बघू. आकडा इथेच राहिला, तर आत कुठेतरी सूज धुमसतेय असंच समजावं लागेल. गोळ्या पुन्हा वाढवू. आणि मग समुद्राचं नाव काढायचं नाही."

"खोल समुद्राचं ना?"

"समुद्राचं."

"अहो, पण उथळ... कमरेएवढ्या पाण्यात तर पोरंसुद्धा..."

"ओकरिमबाई, आंघोळीच्या टबाचंसुद्धा नाही."

खोल समुद्राची आशा ओकरिमने कधीच सोडली होती. त्यावर रडून झालं होतं, तेसूवर भांडी आपटून झाली होती. उरला होता तो उथळ किनारा. गावाच्या काळ्या खडकांपाशी एक शांत, उथळ तुकडा आहे, त्याला 'आजीचा दर्या' म्हणतात. तिथे फक्त म्हाताऱ्या उतरतात. दमाच्या, ताकदीच्या बायका तिथल्या शिंपल्याला हात लावत नाहीत. खाली नुसता खच पडलेला दिसला तरी नजर फिरवून पुढे जातात. ओकरिमने स्वतः किती नवख्या पोरींना तिथून हाकललं होतं! आणि आजारातून उठल्यावर कुणीतरी भाबडेपणाने सुचवलं, की तू आता आजीच्या दर्यात ये, तेव्हा ती फणकारली होती, "त्यापेक्षा मी घरी बसून वाळकी मासळी निवडीन."

आता वर्ष झालं होतं मासळी निवडून. रोज सकाळी बागेच्या चढावरून समुद्र दिसायचा, शिंपल्यांची जाळी अडकवायचे बायकांचे नारिंगी तरंगे दिसायचे, आणि ती ते मोजत उभी राहायची. आजीचा दर्या तर आजीचा. गुडघाभर पाणी मिळालं तरी पुरे, अशी तिची गत झाली होती. पण गावच्या मच्छी-संस्थेचा नियम, डॉक्टरांचा होकार असल्याशिवाय पाण्यात पाय नाही. होकार अडला होता फुंकणीपाशी.

दुसऱ्या दिवशी ती किनाऱ्यावर गेली. बायका नुकत्याच पाण्यातून आल्या होत्या आणि दगडी आडोशात शेकोटीभोवती बसल्या होत्या. तिथे कुणी कुठे बसायचं हे ठरलेलं असतं. वाऱ्याच्या उलट्या अंगाची, धूर न येणारी जागा सगळ्यात पट्टीच्या बाईची. वर्षभर ती जागा रिकामी होती. ओकरिमने तिकडे पाहिलंसुद्धा नाही, दाराजवळ धुरात टेकली.

"तिथे कशाला गं बसलीस? धुराने खोकशील, मग आम्हालाच म्हणशील तुम्ही मारलंत," आतून आवाज आला.

हा आवाज पिलसून सामचुनचा. बेटावर वडीलधाऱ्या माणसाला सामचुन म्हणतात, बाई असो की बुवा. पिलसून सामचुन चौऱ्याऐंशीची, आजीच्या दर्याची राणी. कमरेत वाकलेली, जमिनीवर काठी घेऊन चालणारी; पाण्यात शिरली की मात्र मासोळी. ओकरिमला समुद्र हिनेच शिकवला होता.

"पाण्यात उतरत नाही त्या बाईने चांगली जागा अडवू नये," ओकरिम म्हणाली.

"बघा बघा, आजारपणाने माणसाला शहाणपण येतं. मला नाही बाई कधी आलं. हे घे, रताळं खा. आणि काय म्हणाली तुझी डॉक्टरीण?"

ओकरिमने सांगितलं. सांगताना आवाज कापला, आणि तो कापला म्हणून तिला स्वतःचाच राग आला. मग एकीने विचारलं, "पण फुंकायचं म्हणजे काय करायचं असतं?" ओकरिमने करून दाखवलं. झालं! सगळ्यांनी मुठीची नळी केली आणि लागल्या फुंकायला. कुणी शेकोटीत फुंकलं आणि राख उडून सगळ्यांच्या तोंडावर बसली. कुणाचा फुंकताना भलताच आवाज निघाला, आणि मग पाच मिनिटं हसण्यातच गेली. ओकरिमही हसली, खोकली, पुन्हा हसली.

पिलसून सामचुन तेवढी हसली नव्हती. तिने रताळ्याचं साल शेकोटीत टाकलं आणि म्हणाली, "पुढच्या वेळी मी येते तुझ्याबरोबर."

"तुम्ही कशाला? बसमध्ये दोन तास..."

"का? मला काय शहर बघायला बंदी आहे? आणि तुझा नवरा बरोबर आला की नुसता खुर्चीत घोरतो. मी ऐकलंय सगळं."

महिनाभराने ओकरिमने प्योला फोन करून विचारलं, "बरोबर सामचुनला आणलं तर चालेल का आत?" प्यो म्हणाला, "अगदी आणा." मुख्य भूमीवर सामचुन म्हणजे काका. बिचाऱ्याने काकांसाठी हात टेकायची मोठी खुर्ची आणून ठेवली, आणि आत आली ठिपक्यांच्या विजारीतली, कंबरेतून वाकलेली, काठी आपटणारी म्हातारी. तो दारात वाकून बाहेर बघत राहिला.

"काका गाडी लावतायत का?"

"कोण काका?"

"सामचुन म्हणालात ना?"

"मग ही काय!" ओकरिम म्हणाली.

"पोरा, मीच काका," पिलसून सामचुन खुर्चीत बसत म्हणाली. "मिशा घरी विसरल्ये. चल, सुरू कर तुझं ओरडणं. फार ऐकलंय त्याच्याबद्दल."

प्योचे कान लाल झाले. त्याने ओकरिमच्या नाकाला चिमटा लावला, नळी हातात दिली. ओकरिमला रात्रभर झोप नव्हती. आज आकडा हलला नाही, तर पुन्हा त्या गोळ्या, पुन्हा ते फुगलेलं तोंड, आणि बागेच्या चढावरून समुद्र बघत बसायचं जन्मभर. तिने डोळे मिटले, छाती भरली आणि फुंकलं.

"फुंका, फुंका, फुंका! अजून, अजून, अजून, अजून..."

ती थांबली. "झालं."

प्योने पडद्याकडे पाहिलं. रेघ तिथेच तुटली होती. ओकरिमने नळी मांडीवर ठेवली.

"का गं थांबलीस?" खुर्चीतून आवाज आला.

"संपला श्वास, सामचुन."

"कुणाला सांगतेस? मला? खोटारडे! संपलेला श्वास मला कळत नाही होय? पोटाशी अजून राखून ठेवलायस तू. खांदे बघ तुझे, कसे वर धरलेस. तळाशी असलीस की तुझे खांदे असेच असतात."

ओकरिमने खांद्यांकडे पाहिलं. होते खरे वर.

"मी मुद्दाम नाही करत हो."

"ते ठाऊक आहे मला. मुद्दाम केलं असतंस तर काठी घातली असती. सांग, पहिल्या दिवशी मी तुला काय शिकवलं होतं?"

हे बेटावरच्या कुठल्याही पाणबुडीला झोपेतून उठवून विचारा. श्वासाचे दोन भाग. एक कामाचा, एक परतीचा. कामाचा संपला की हातातलं सोन्याचं असलं तरी सोडायचं आणि वर निघायचं. परतीचा खर्चायचा नाही म्हणजे नाही. हावरेपणाने आणखी एक शिंपला काढायला जी थांबते, तिचा श्वास खालीच संपतो आणि मग छाती ओढते ते पाणी. त्याला बायका बुडणं म्हणत नाहीत. 'पाण्याचा श्वास घेतला' म्हणतात, तेही हळू आवाजात. ओकरिमच्या थोरल्या जावेने घेतला होता. पंधराव्या वर्षी शिकलेलं हे हाडात मुरलं होतं. शेवटचा श्वास राखायचा असतो हे तिला आठवावं लागत नव्हतं, तिच्या छातीलाच ते ठाऊक होतं. यंत्र म्हणत होतं, सगळं रिकामं कर. छाती म्हणत होती, वेडी आहेस का?

"परतीचा राखायचा," ती पुटपुटली.

"हां. आणि तो राखलास म्हणून इस्पितळातल्या त्या मुखवट्याखालून जिवंत आलीस. तुझा नवरा सांगत होता, डॉक्टरांनी आशा सोडली होती आणि ही बया जराजरासा श्वास धरून पडली होती. मला तेव्हाच कळलं, माझी पोरगी तळाशी आहे, पण परतीचा राखून आहे. येईल वर."

ओकरिमला ते दिवस कुणापुढे बोलून दाखवता आले नव्हते. काळोख, छातीवर समुद्राएवढं वजन, आणि एकच विचार की हा खर्चायचा नाही, हा खर्चायचा नाही. त्याची आठवण निघाली की आजही तिला दरदरून घाम फुटायचा. म्हातारीने ते काहीही न विचारता ओळखलं होतं.

पिलसून सामचुन काठी टेकत उठली, तिच्याजवळ आली आणि खडबडीत हात तिच्या पाठीवर ठेवला.

"पण अगं बये, तू वर आलीस की. केव्हाची आलीस. हे बघ, वारा लागतोय, खिडकी आहे, हा तांबड्या कानांचा पोरगा उभा आहे. पाणी कुठंय इथे? वर आल्यावर कुणी श्वास राखतं का? वर आल्यावर काय करतो आपण?"

"सोडतो."

"मग सोड ना माझे आई!"

प्योने नवी नळी लावली. या वेळी तो ओरडला नाही. ओकरिमने श्वास भरला आणि फुंकला. नेहमीची जागा आली, छाती आवळली, पोटातून कुणीतरी ओरडलं की नको, नको. पाठीवरच्या हाताने हलकेच थोपटलं. ओकरिमने खांदे खाली टाकले आणि फुंकत राहिली. भीती वाटत होती, खूप वाटत होती, तरी फुंकत राहिली. राखलेला, जपलेला, वर्षभर उराशी धरलेला तो सगळा श्वास तिने जाऊ दिला. मग छाती अगदी रिकामी झाली, आणि क्षणभर काहीच नव्हतं, आणि मग हवा आपली आपण आत आली. मागावीही लागली नाही.

ती खोकली, आणि खोकता खोकता हमसून हमसून रडायला लागली. प्यो घाबरून पाणी आणायला धावला.

"राहू दे रे," पिलसून सामचुन म्हणाली. "पाणी पुष्कळ झालं तिला. तुझी रेघ बघ आधी."

रेघ सरळ खालपर्यंत गेली होती. प्योने खात्रीसाठी पुन्हा फुंकून घेतलं, तेही तसंच आलं. आता त्याच्याच डोळ्यांत पाणी. कागद घेऊन तो स्वतः नामबाईंकडे पळाला.

नामबाईंनी कागद पाहिला, हकिकत ऐकली, आणि पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या. "म्हणजे वर्षभर मी तुमची अर्धीच छाती मोजत होते." मग लगेच गंभीर झाल्या. "ऐका आता. फुप्फुसं पहिल्यासारखी नाहीत, होणारही नाहीत. ओरखडे आहेत ते आहेत. पण सूज गेलीय. गोळ्या पुरत्या थांबवू. खोल पाणी जन्मात नाही. पाय टेकतील तिथेच, एकटीने नाही, आणि बोटावर प्राणवायू मोजायचा चिमटा लावून आकडा बघायचा आधी आणि नंतर. कबूल?"

"कबूल," ओकरिम म्हणाली. तिला स्वतःचंच नवल वाटलं, की मनात कुठेही खुपलं नाही. उलट आतून असा काही आनंद आला, की तिने नामबाईंचा हात धरून दाबला आणि त्या अवघडल्या.

वसंतातल्या एका शांत ओहोटीला ती काळ्या खडकांवरून खाली उतरली. तेसू वर बांधावर बसला होता, थर्मास घेऊन, घोरायच्या तयारीत. आजीच्या दर्यात चौघी म्हाताऱ्या आधीच उतरलेल्या. सगळ्यात तरुण होती ती एकोणऐंशीची.

पाणी गार होतं. रबरी पोशाखात शिरलं, पाठीवरून उतरलं, आणि ओकरिमच्या तोंडून आपोआप 'आई गं' निघालं. तिने डोकं पाण्याखाली घातलं. तळ अगदी हातभर अंतरावर. शेवाळाची पानं डुलत होती, एक चिमुकला खेकडा तिला बघून कपारीत पळाला. श्वास राखायचंही काही कारण नव्हतं. गुडघे सरळ केले की डोकं बाहेर. तिने दगड उलटला, शंख उचलला आणि उभी राहिली.

"ए!" पिलसून सामचुन कडाडली. "तो माझा दगड आहे!"

"दगडावर काय नाव लिहिलंय तुमचं?"

"वीस वर्षं उलटतेय मी तो. आणि आण बघू इकडे तो शंख. हा एवढासा? अंगठ्याएवढा नाही, आणि उचलते! परत ठेव आधी. हिला कुणी शिकवलं गं?"

"तुम्हीच," बाकीच्या तिघी एकदम म्हणाल्या.

ओकरिमने शंख परत ठेवला. गावातली सगळ्यात पट्टीची बाई म्हणून तिने तीस वर्षं दुसऱ्यांना रागावण्यात घालवली होती. तिला रागावणारं कुणी उरलंच नव्हतं. तिला इतकं बरं वाटलं की ती पाण्यात उभ्या उभ्या हसत सुटली.

"दात काय काढतेस?" एकोणऐंशीची म्हणाली. "माझा तरंगा वाहत चाललाय तिकडे, तो आण. आणि वर जाऊन तुझ्या नवऱ्याकडून चहा घेऊन ये सगळ्यांना. इथे धाकटीनेच कामं करायची असतात."

"मी त्रेसष्टची आहे हो!"

"तेच म्हणतेय मी," म्हातारी म्हणाली. "पळ, पोरी."

आणि ओकरिम गेली तरंगा आणायला, कमरेएवढ्या पाण्यातून, मध्ये दम खायला थांबत, पण गेली.